कौलांखालची तार

मागच्या दिवाळीत मुंबईचे एक गृहस्थ आंबोलीहून परतताना वाट वाकडी करून आमच्या घरी आले. आम्ही दोघे गेली अकरा वर्षे एकमेकांना आवाजाने ओळखत होतो. तोंडे मात्र प्रथमच पाहत होतो. चहापाणी झाल्यावर ते अंगणात उतरले, मान वर करून घराला एक प्रदक्षिणा घातली, परड्यातल्या फणसाकडे आणि शेजारच्या आंब्याकडे निरखून पाहिले आणि परत येऊन काहीशा संशयाने म्हणाले, "अहो, तुमची अँटेना कुठे आहे?"

मी त्यांना माजघरातली शिडी दाखवली.

आमच्या माळ्यावर घनसाळ भाताची कणगी आहे. गौरी-गणपतीचे मखर आहे, शेणींची चळत आहे, आजोबांच्या वेळचे एक जू आहे, आता कोणी वापरत नाही असे पितळेचे दोन हंडे आहेत. आणि या सगळ्या अडगळीच्या वर, आढ्याच्या खाली वीतभर अंतर सोडून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक साधी तांब्याची तार आहे. पाहुण्यांनी बॅटरीचा झोत तारेवरून दोनदा फिरवला. "एवढ्यावर तुम्ही माझ्याशी बोलता?" ते म्हणाले. एवढ्यावरच बोलतो. आणि कधीमधी, आकाशाची मर्जी असली तर, कझाकस्तान आणि जपानशीही.

'हॅम रेडिओ' हा शब्द आता पुष्कळांच्या कानावरून गेलेला आहे, पण कुठे पूर आला, भूकंप झाला की तेवढ्यापुरता. एरवी हा निव्वळ छंद आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारे एक संकेतनाम मिळवायचे आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगातल्या आपल्यासारख्याच खुळ्यांशी बोलायचे. या बोलण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, राजकारण बोलायचे नाही, व्यापार करायचा नाही. बारा वर्षांच्या पुढचे कोणीही ही परीक्षा देऊ शकते. मला या नादाला लावले ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर उद्ध्वस्त गावांतून निरोप बाहेर पोचवायला हौशी रेडिओवाले आपापली यंत्रे घेऊन गेले होते, हे मी वर्तमानपत्रात वाचले आणि शाळेत विज्ञान शिकवणारा मी, रात्री कंदिलाच्या उजेडात 'डा-डिट' करत मोर्सची लिपी पाठ करू लागलो. त्या काळी मोर्सवाचून सुटका नव्हती. मिनिटाला पाच शब्द घेता-देता यावे लागत. आता खालच्या परवान्याला मोर्सची अट राहिलेली नाही. नव्या मुलांचे बरे झाले, पण त्या टिकटिकीत जी गोडी होती ती त्यांना कळायची नाही, असे म्हातारपणाचे मत नोंदवून ठेवतो.

१९९६ साली परवाना हातात पडला आणि खरा प्रश्न उभा राहिला तो अँटेनाचा.

ज्यांनी आजऱ्याचा पाऊस पाहिला नाही त्यांना हा प्रश्न कळणार नाही. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतांचे गाव, घनसाळ तांदळाचे गाव म्हणून आजरा लोकांना माहीत असतो. पण आमची हिरण्यकेशी जिथे उगम पावते ती आंबोली इथून पस्तीसेक किलोमीटरवर, आणि आंबोलीच्या पावसाचा शेजार आम्हाला पुरेपूर भोवतो. मृगाला सुरुवात होते ती थेट गौरी-गणपतीपर्यंत उसंत नसते. त्याआधी एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजांचा थयथयाट घेऊन. अशा गावात घराबाहेर उंचावर तार बांधणे म्हणजे काय, हे मला पहिल्याच वर्षी समजले.

फणसाला एक आणि आंब्याला एक अशी दोन टोके बांधून मी हिवाळ्यात एक देखणी तार उभी केली. सहासष्ट फूट लांब, तीस फूट उंच. तीन महिने स्वर्गात होतो. मार्चमध्ये वानरांची टोळी आली. त्यांना ती तार आपल्यासाठीच बांधलेली वाटली असावी; एकाने मधोमध लोंबकळून पाहिले. दुरुस्त केली. मेच्या वळवात फांदी मोडून पडली ती तारेसकट. पुन्हा बांधली. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाऱ्याने जी तोडली तिचे एक टोक शेजाऱ्यांच्या गोठ्यावर जाऊन पडले. शेजारी आधीच नाराज होते. रविवारचा सिनेमा लागला आणि मी बटण दाबले की त्यांच्या टीव्हीत मुंग्या येत. गल्लीत दुसरी एक कुजबुजही होती. मास्तर रात्रीअपरात्री इंग्रजीत कोणाशी बोलतात, वायरलेस तर पोलिसांकडे असतो, मग ह्यांच्याकडे कसा? एका सकाळी गावातले एक वडीलधारे गृहस्थ घरी येऊन मला अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, काही असलं तर आम्हाला सांगा, आम्ही सांभाळून घेऊ."

तेव्हा मी नजर वर वळवली. घराला माळा होता. माळ्यावर कौले होती. आणि कौल म्हणजे भाजलेली माती.

यातले शास्त्र अगदी सोपे आहे. रेडिओची लाट धातूला अडते. लाकूड, माती, वीट यांतून, विशेषतः लांब लहरींची लाट, फारसे काही न गमावता पलीकडे जाते. घरावर पत्रा असेल तर माळ्यावरची अँटेना म्हणजे डब्यात बसून हाक मारणे. मंगलोरी कौले असतील तर रेडिओच्या लेखी ते छप्पर जवळजवळ नाहीच. ज्या घराला आम्ही दरवर्षी शाकारून कंटाळलो होतो, ते आजोबांनी जणू माझ्यासाठीच बांधून ठेवले होते.

अडचण होती ती लांबीची. तारेची लांबी हौसेवर नसते, लहरीवर असते. १४३ या आकड्याला आपल्या लहरीच्या मेगाहर्ट्झने भागले की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. आपल्याकडे दिवसा गप्पा चालतात त्या मुख्यतः ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे तार हवी वीस मीटर, सहासष्ट फूट. आमचे आढे भरते छत्तीस फूट. मग काय करायचे? उरलेली तार दुमडायची. अशी तार मधोमध तोडून तिथे रेडिओची केबल जोडतात, आणि विजेचा प्रवाह सर्वांत जास्त असतो तोही या मध्यापाशीच. टोकांकडे तो क्षीण होत जातो. त्यामुळे मधला भाग सरळ ठेवून टोके वळवली तर तोटा थोडाच होतो. मी आढ्याखाली चौतीस फूट तार सरळ ताणली. उरलेल्यापैकी एक टोक पुढच्या पाख्याच्या वाशाला लागून वळचणीकडे उतरवले, दुसरे मागच्या पाख्याच्या. तार गडहिंग्लजच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून आणली, वजनावर. अडकवायला जुन्या वायरिंगमधले चिनीमातीचे कप आणि नायलॉनची दोरी. खाली रेडिओपर्यंत यायला पहिल्यांदा टीव्हीची ती चपटी पट्टी वापरली, कारण खिशात तेवढेच पैसे होते.

आई शिडीखाली उभी राहून सगळे पाहत होती. "आरं, ते काय टांगलंयस वर? वाळवण घालायची दोरी व्हय?" नंतर तिने विचारले, "करंट हाय का तिच्यात?" हा प्रश्न मात्र नीट उत्तर द्यावे असा होता. असतो. बोलत असताना असतो. तारेच्या टोकांशी तर फार मोठा दाब तयार होतो. शंभर वॅटचे यंत्र असेल तर तो हजार व्होल्टच्याही वर जातो. शेजारी वाळलेला पेंढा असेल तर ठिणगीचे भय. म्हणून माळ्यावरच्या तारेला मी कधी वीस वॅटच्या पुढे शक्ती दिली नाही, टोकांपासून पेंढा हात-दोन हात दूर ठेवला, घरातल्या विजेच्या तारा जिथून जातात तिथून ही तार लांब नेली आणि तिच्या बरोबर खाली कुणाचे अंथरूण पडू दिले नाही. कौलाखाली आहे म्हणून वीज पडणार नाही, हाही एक गैरसमज आहे. वळवाचे ढग दिसले की केबल काढून खिडकीबाहेर टाकणे, हा आमच्या घरात दारातली वाळवणे आत घेण्यासारखाच नेम झाला.

पहिल्या संध्याकाळी मी हाक दिली तेव्हा उत्तर आले ते हुबळीहून. सरळ रेषेत मोजले तर दीडशे किलोमीटरही नाही. पण समोर दोन डोंगर आणि एक राज्यसीमा. तो म्हणाला, आवाज स्वच्छ आहे, अँटेना काय आहे? मी सांगितले. तो खो खो हसला आणि म्हणाला, "तुमच्या कणगीतला तांदूळ शिजला का बघा."

हसण्यासारखे होतेच. फणस-आंब्यावरच्या तारेच्या मानाने माळ्यावरची तार दुबळी होती. लांबची स्थानके ऐकू येत, पण मी त्यांना ऐकू जात नसे. पावसाळ्यात तर वेगळीच गंमत. कौले पाणी पितात. जुलैत ती भिजून जड झाली की तारेची लहर सरकते. जणू कोणी तार ओढून लांब केली असावी. शक्ती किती बाहेर जाते आणि किती परत फिरते हे दाखवणारे एक मीटर असते, त्याचा काटा आषाढात वर चढतो आणि दिवाळीत खाली येतो. एका वर्षी श्रावणात काटा असा काही चढला की मला वाटले कौलांनी यंदा हद्द केली. वर जाऊन पाहिले तर उंदराने केबल कुरतडून तिच्यातला प्लॅस्टिकचा गाभा खाल्लेला. तेव्हापासून घरात मांजर आहे आणि तिचा खर्च मी रेडिओच्या वहीत लिहितो.

असल्या लंगड्या अँटेनाची हौस आमच्या एकट्याची नव्हे. अमेरिकेत काही वसाहतींत घराबाहेर तार दिसता कामा नये असा करारच असतो, म्हणून तिथली मंडळी माळ्यावर तारा लपवतात. इंग्लंडात घरे लहान, बागा लहान, तिथेही हाच मार्ग. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्या गच्चीवर काठी उभी करू देत नाहीत, तेव्हा कोणी गॅलरीत, कोणी पडद्याच्या दांडीमागे तार फिरवतो. आणि छपून, जागा बदलत, जमेल तिथे तार बांधून बोलण्याची महाराष्ट्रातली सर्वांत धाडसी गोष्ट तर स्वातंत्र्यलढ्यातली आहे. १९४२ साली 'चले जाव'नंतर उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालेपर्यंत तो एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलत राहिला. यंत्राच्या बाजूला होते नरिमन प्रिंटर, महायुद्धापूर्वीचे परवानाधारक हॅम. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी मंडळींना आपली यंत्रे पोलिसांत जमा करायला लावली होती. या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. हा आकडा वाचला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उत्तर आले ७०८५ किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आज आम्ही जिथे 'पाऊस कसा आहे, भात लावणी झाली का' विचारतो त्याच पट्ट्यात! त्या लहरीला सहासष्ट फूट तार त्यांनाही हवीच होती, आणि दर मुक्कामी ती नव्याने ताणायची, तीही मागावर पोलीस असताना. शेजाऱ्यांच्या टीव्हीतल्या मुंग्यांचे दुःख मी त्या दिवसापासून बोलून दाखवत नाही.

यंत्राबद्दल थोडे. सुरुवातीची माझी यंत्रे भंगारातल्या भागांतून जुळवलेली होती. नंतर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी 'बिटेक्स' नावाच्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि आमच्यासारख्यांची चांदी झाली. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतील असे भाग, आणि वेटोळी गुंडाळायला चक्क नळाच्या वायसरी! मी त्या आजऱ्याच्या बाजारातून आणल्या तेव्हा दुकानदाराने विचारले, किती नळ गळतायत मास्तर? हे यंत्र देते दहाच्या आतबाहेर वॅट. घरातल्या एका एलईडी दिव्याला लागतात तेवढे.

दिव्याचा विषय निघालाच आहे तर माळ्यावरच्या तारेचा खरा शत्रू सांगून टाकतो. तो पाऊस नव्हे. १९९६ साली आमच्या घरात चार पिवळे दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही होता. आज एलईडी दिवे आहेत, इन्व्हर्टर आहे, पाच-सहा चार्जर भिंतींना लटकलेले आहेत आणि यातले प्रत्येक उपकरण, विशेषतः स्वस्तातले, रेडिओच्या लहरींवर सतत खरखर ओकत असते. अँटेना घराबाहेर असती तर ही खरखर दूर राहिली असती. ती घरातच असल्याने सगळे थेट कानात. मी रात्री जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून खोल्याखोल्यांतून फिरतो. जिथे खरखर वाढते तिथला दिवा गुन्हेगार. देवघरातल्या विजेच्या समईने माझी दोन वर्षे खाल्ली, पण ती काढा असे म्हणायची माझी छाती झाली नाही. मधल्या काळात, २००५ नंतरची काही वर्षे, महाराष्ट्रात लोडशेडिंग होते. सगळे गाव बोटे मोडत असे. सात वाजता वीज गेली की मी मोटारीच्या बॅटरीवर यंत्र सुरू करी, आणि काय ती शांतता! मुंगी चालली तर ऐकू यावी. कझाकस्तान मला तसल्याच एका रात्री मिळाले. वीज मंडळाला दुवा देणारा आजऱ्यात त्या काळी मी एकटाच असेन.

आता या तारेची ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे आईने तिला वाळवणाची दोरी म्हणणे सोडले.

सात मेगाहर्ट्झला लहर बेचाळीस मीटर लांब. आमची तार जमिनीपासून जेमतेम सात मीटर. पुस्तके म्हणतात, इतक्या बुटक्या तारेचा उपयोग नाही, तिची शक्ती क्षितिजाकडे जायच्या ऐवजी सरळ डोक्यावर आकाशात जाते. खरे आहे. पण आकाशात अडीचशे-तीनशे किलोमीटरवर विद्युतभारित हवेचा एक थर आहे, तो ही लाट परत खाली पाठवतो. विहिरीत उभे राहून चेंडू सरळ वर फेकला तर तो विहिरीच्या काठाबाहेर आसपास कुठेतरी पडेल, तसे. लांब जात नाही. पण डोंगर आडवे येत नाहीत, कारण तो त्यांच्या डोक्यावरून आलेला असतो. पुणे इथून सरळ रेषेत अडीचशेहून थोडे जास्त, मुंबई साडेतीनशे. हे सगळे बुटक्या तारेच्या टप्प्यात. पोलिसांच्या किंवा मोबाइलच्या आखूड लहरींना हे जमत नाही. त्यांना डोंगर म्हणजे भिंत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला. शिरोलीजवळ पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. आमच्याकडे हिरण्यकेशी फुगली, वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या आणि फोन मुके झाले. माझी धाकटी बहीण दिली आहे शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या गावात. शेवटचा फोन आला होता तो "पाणी वेशीपर्यंत आलंय" एवढाच. आई दोन दिवस जेवली नाही. उंबऱ्यावर बसून पागोळ्यांकडे पाहत राहिली. तिने काही विचारले नाही, हेच जास्त होते.

मी बॅटरी लावली. पहाटे हाक दिली, काही नाही. त्या वर्षी सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते आणि डाग नसले की तो वरचा थर पातळ होतो. सकाळी आणि रात्री आमची लाट त्यातून आरपार निघून जाते. दुपारी, ऊन नसले तरी सूर्य माथ्यावर आल्यावर, वाट उघडते. हे मला ठाऊक होते, तरी सकाळचे ते पाच तास मी दर दहा मिनिटांनी हाक देत राहिलो. साडेबाराच्या सुमारास पुण्याचा एक हॅम ऐकू आला. आवाज बुडत होता, वर येत होता. एरवी परक्याचे निरोप पोचवण्यावर आम्हाला बंधन असते; अशा संकटात ते सैल होते. मी भाच्याचा पुण्यातला फोन नंबर दिला, एकेक आकडा तीन तीनदा. त्यांनी थांबायला सांगितले.

पंचवीस मिनिटे गेली. आई कधी येऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसली ते मला कळले नव्हते. मग पुण्याहून आवाज आला. बहीण, मेहुणे, सासूबाई, सगळे आदल्या दिवशीच नावेतून निघून जयसिंगपुरात नातलगांकडे पोचले होते. म्हशी सोडून द्याव्या लागल्या. "माणसं सुखरूप आहेत असं आईंना सांगा," पुण्याचे गृहस्थ म्हणाले. सांगायची गरज नव्हती. आईने ऐकले होते. ती उठली, चूल पेटवली आणि मला म्हणाली, "त्यांस्नी इचार, जेवलं का त्ये."

मी विचारले. ते जेवले नव्हते. आमच्यामुळेच.

त्यानंतरच्या दोन दिवसांत गल्लीतल्या अकरा घरांचे निरोप त्या तारेवरून गेले. त्यात ते टीव्हीवाले शेजारीही होते.

यात माझी फुशारकी काही नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते; २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी नेलेली यंत्रे अंदमानची मुख्य भूमीशी बोलायची वाट झाली. त्या कामापुढे आमची अकरा घरे म्हणजे काहीच नव्हे. पण आईच्या लेखी त्या दिवसानंतर माळ्यावरची तार ही देवघरातल्या समईच्या जवळपासची वस्तू झाली.

आणि त्यामुळेच पुढे पंचाईत झाली.

आमच्या गल्लीतली कौले एकेक करून गेली. कोणी स्लॅब घातला, कोणी रंगीत पत्रा. दोष कोणाला द्यायचा? कौल शाकारणारी माणसे मिळत नाहीत. मिळाली तर मे महिन्यात सगळ्यांना एकदमच हवी असतात. फुटक्या कौलाच्या जागी त्याच मापाचे कौल सापडत नाही. रिपा कुजतात, वानरे उड्या मारतात ती निराळीच. आमचे मागचे पाखे गेली चार वर्षे गळत होते, आणि गळत होते ते नेमके आईच्या खाटेवर. मागच्या पावसाळ्यात तिची खाट मी तीन वेळा हलवली. शहाऐंशीचे वय, रात्री भांड्यात टपटप पडणारे पाणी ऐकत ती जागी असायची. भावाने इचलकरंजीहून पत्र्याचा हिशेब काढून पाठवला: सगळे घर, दोन्ही पाखी, चार दिवसांचे काम.

मी 'हो' म्हणालो. खरे सांगायचे तर लगेच म्हणालो नाही. दोन दिवस मी माळ्यावर जाऊन तारेकडे पाहत बसलो, आणि त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते. पण 'नाही' म्हणाली ती आई. "पत्रा घातल्यावर तुझी तार बोलायची न्हाई म्हनतोस न्हवं? मग ऱ्हाऊ द्यात कौलं. दोन थेंबानं मी काय विरघळत न्हाई." मी म्हणायचे पत्रा, ती म्हणायची कौले, आणि सौ. दोघांकडे पाहून म्हणायची, अहो, वानरांना विचारा.

शेवटी मिस्त्रीने तोड काढली. मागचे पाखे पत्र्याचे, पुढचे कौलांचेच. चांगली निघालेली मागची कौले पुढच्या पाख्याच्या डागडुजीला ठेवली. दहा-बारा वर्षांची बेगमी झाली. यंदाच्या मे महिन्यात काम झाले. तार मी आढ्यापासून सोडवून पुढच्या पाख्याखाली, पत्र्यापासून जमेल तेवढी दूर नेली. मागच्या पाख्यावर उतरलेले टोकही आता पुढेच मुडपले आहे. शेजारी एवढा धातू आल्यावर तिची लहर पार बिघडली. चार दिवस वर-खाली करत, वीतवीत तोडत तिला पुन्हा ताळ्यावर आणले. पूर्वीपेक्षा आवाज कमी जातो. पलीकडच्या मीटरवर एक-दीड आकडा कमी, असे हुबळीकर सांगतात. ते अजून कणगीतल्या तांदळाची चौकशी करतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. दुपारी मी यंत्र लावले, हाक दिली, मुंबईचे ते दिवाळीतले गृहस्थ भेटले. नवीन तारेचा आवाज कसा येतो म्हणून विचारले.

"येतोय ठीक," ते म्हणाले, "पण मागे खरखर फार आहे हो. कसली ती? पुन्हा समई का?"

मी बटण सोडून कान दिला. मागच्या पाख्यावर, पत्र्यावर, पाऊस कोसळत होता. तोच माझ्या मायक्रोफोनमधून मुंबईला चालला होता. मी उठून मागच्या खोलीत डोकावलो. त्या ताशासारख्या गजरात आई कोरड्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मी दार ओढून घेतले आणि परत येऊन त्यांना सांगितले, समई नव्हे, पाऊस आहे.